शिधा घेऊन लेकीच्या गावाला

सिल्वासाला आमच्या अमळनेरकडची माणसं दोनच कारणांनी जातात. एक तर कारखान्यात नोकरी लागते म्हणून, नाहीतर गुजरातेत लपूनछपून मिळणारी बाटली तिथे उघड्यावर मिळते म्हणून. मी सहासष्टाव्या वर्षी तिसऱ्याच कारणाने गेलो. आमची एकुलती एक लेक वैशाली तिथे राहते आणि तिने नाताळच्या सुट्टीत आम्हाला सहा दिवस राहायला बोलावलं होतं. परत आल्यापासून गल्लीतले लोक विचारताहेत, काय पाहिलं, काय खाल्लं. पाहिलं ते थोडक्यात सांगता येईल. खाण्याचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण आमचं सगळं घोडं खाण्यापाशीच अडलेलं होतं.

माझी बायको निर्मला लेकीच्या घरचं अन्न खात नाही. तिच्या माहेरचा नियम आहे की मुलगी दिली की तिच्या घरी नातवंड होईपर्यंत आईबापांनी घास घ्यायचा नाही. माझ्या सासूबाई आमच्याकडे पहिल्यांदा जेवल्या त्या वैशालीच्या बारशाला. तोवर कधी आल्या तर ओसरीत बसून घरून आणलेल्या दशम्या खायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायच्या. तेव्हा मला त्याचं हसू यायचं. पुढे माझ्याच लेकीचं लग्न झालं आणि निर्मला म्हणाली, नियम दोघांचा असतो. मी शाळेत छत्तीस वर्षं क्लार्क होतो. समोर नियम ठेवला की खाली सही करायची, एवढंच मला येतं.

वैशालीच्या लग्नाला सात वर्षं झाली. अजून मूल नाही. या सात वर्षांत आम्ही तिच्याकडे तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा सकाळी पोचून संध्याकाळी निघालो. मुक्काम केला तर जेवणाचा प्रश्न येतो ना. तीच आमच्याकडे यायची, चार दिवस राहायची, आणि जाताना "आता तुम्ही या" असं म्हणायची. आम्ही "येऊ की" म्हणायचो.

यंदा मात्र तिचा फोन आला तो वेगळाच. निवांत राहायला या म्हणाली, प्रशांतच्या कारखान्यात वर्षअखेरची यंत्रांची देखभाल असल्याने त्याला सुट्टी आहे, मीही रजा टाकते. आणि शेवटी म्हणाली, "आम्हाला दोघांना तुमच्याशी बोलायचंय."

मी फोन ठेवला. मला ताबडतोब तीन गोष्टी सुचल्या: कुणाला तरी मोठा आजार, परदेशची नोकरी, नाहीतर घटस्फोट. निर्मलाला एकच गोष्ट सुचली. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने डिंक आणला, तुपात फुलवला, खारीक कुटली, आणि दोन दिवस घरभर लाडवांचा वास होता. लाडू बाळंतिणीला देतात तसे सगळं घालून केलेले होते. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, थंडीचे दिवस आहेत. तिचा चेहरा आनंदी होता. आजार आणि घटस्फोट मी सोसले असते. ती गैरसमजात आहे की काय, ही भीती मला सोसवेना.

वापीहून आमलीपर्यंत

गाडीत काय झालं ते सांगत नाही, काहीच झालं नाही. मी सामान मोजत होतो. नऊ डाग होते आणि त्यातले पाच शिध्याचे. ज्वारीत उडीद घालून दळलेलं कळण्याचं पीठ, तुरीची डाळ, तेलाची बरणी, तिखट, मीठ, भरताची हिरवी वांगी, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या. मीठसुद्धा स्वतःचं. लेकीच्या घरातलं फक्त पाणी आणि गॅस वापरायचा, असं निर्मलाने ठरवलं होतं. गॅस लेकीचा कसा चालतो, हे मी एकदा विचारलं. तिने ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर परत विचारलं नाही.

वापीच्या स्टेशनावर उतरलं की हवेला औषधाच्या कपाटासारखा वास येतो. पाच मिनिटांनी नाक सरावतं. प्रशांतराव गाडी घेऊन आले होते. आमचे जावई नाशिकचे, सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यात इंजिनियर. बोलायला मऊ, आणि दर वाक्याला "चालेल नाना" म्हणणारे. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होतो. नऊ डाग डिकीत कसे बसवायचे याची काळजी सोडून काही दिसलं नाही.

या भागाची हद्द फार गमतीची आहे. वापी सोडली की जरा वेळाने दादरा लागतं, म्हणजे गुजरात संपला. दादरा ओलांडलं की पुन्हा गुजरात. आणि तो अंगवळणी पडेतो परत संपतो आणि सिल्वासा येतं. परतणाऱ्या गाड्या थांबवून पोलीस बाटल्या शोधत होते. आम्ही जाणाऱ्या बाजूला होतो, आमच्याजवळ डाळ आणि पीठ होतं, तरी मी आधारकार्ड हातात काढून ठेवलं होतं.

वैशालीचं घर आमली भागात तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली दुकानांच्या पाट्या गुजरातीत, दुकानदार हिंदी बोलतो, गिऱ्हाईक मराठीत भाव करतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. शिफ्ट सुटली की रस्ता डबे हातात घेतलेल्या माणसांनी भरून जातो. त्यातले निम्मे आमच्याकडचेच, शिरपूर-साक्री-नंदुरबारचे.

दार उघडलं तेव्हा आतून शेवेच्या भाजीचा वास आला. काळ्या मसाल्याची, कांदा-खोबरं जाळून वाटलेली, अगदी आमच्याकडची. वैशालीने आम्ही येणार म्हणून केली होती. मला गाडीतून उतरल्यापासून भूक लागलेली होती. निर्मलाने पाय धुतले, पाणी प्यायली, आणि पिठाची पिशवी उघडून म्हणाली, "आम्ही आमचं टाकतो दोन भाकरी."

वैशालीने गॅस बारीक केला. तिला हे ठाऊकच होतं, पण ठाऊक असणं आणि समोर बघणं यात फरक असतो. मग ती हसून म्हणाली, "ठीक आहे. हा डावीकडचा अर्धा ओटा तुझा." आणि तिने आपले डबे उजवीकडे सरकवले.

त्या संध्याकाळी एका ओट्यावर दोन स्वयंपाक झाले. मी निर्मलाची भाकरी आणि वांगं खाल्लं, वास वैशालीच्या शेवभाजीचा घेतला. चहाच्या वेळी वाद झाला, की चहा अन्नात धरायचा की पाण्यात. साखर घातली तर अन्न, असं निर्मला म्हणाली. सहा दिवस मी बिनसाखरेचा चहा प्यालो. माझी साखर तपासली असती तर डॉक्टर खूश झाला असता.

"बोलायचंय" त्याबद्दल त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही.

समोरच्या घरी भरीत

समोरच्या दारात सुरेखाबाई राहतात, शिरपूरकडच्या. त्यांचे यजमान तारांच्या कारखान्यात आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला भरीत खायला बोलावलं, आणि निर्मलाने लगेच हो म्हटलं. परक्याच्या घरी खायला आम्हाला काही अडचण नव्हती.

आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. त्याशिवाय भरताला चव नाही असं आम्ही मानतो. सिल्वासात कपाशीच्या काड्या कुठून आणणार? सुरेखाबाईंच्या यजमानांनी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत कारखान्यातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्या पेटवल्या होत्या. त्या फळ्यांवर परदेशी अक्षरांत काहीबाही छापलेलं होतं. त्या लाकडाला कसलं औषध लावलेलं असेल, याने मी इतका अस्वस्थ झालो की दोनदा विचारलं. पाच वर्षं यावरच भाजतोय, असं ते म्हणाले. वांगी निर्मलाने स्वतः दिली होती, आमच्या शिध्यातली. साल काढून, लाकडी बडग्याने ठेचून, वरून मिरची-लसणाची फोडणी आणि कांद्याची पात. कळण्याच्या भाकरीबरोबर मी दोन वेळा घेतलं आणि फळ्या विसरलो.

वैशाली माझ्या शेजारी बसून जेवत होती. सुरेखाबाई भाकरी वाढता वाढता निर्मलाला सहज अहिराणीत म्हणाल्या, "काकू, पोरना घर नही खातस, अन् मन्हा घर खातस?"

लेकीकडे नाही आणि माझ्याकडे खाता, असं विचारण्यात त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण वैशालीचा घास हातात तसाच राहिला. निर्मला म्हणाली, "थोडेच दिवस आता." आणि लेकीकडे बघून अशी हसली की मला तिथून उठून जावंसं वाटलं. वैशालीने मान खाली घातली. निर्मलाला तो लाजरेपणा वाटला. मला तसं वाटलं नाही.

दादऱ्याला उंबाडियुं

तिसऱ्या दिवशी दादऱ्याच्या तळ्याची बाग पाहायला गेलो. लहान लहान पूल, नावा, सहलीला आलेल्या शाळा. थंडी म्हणावी तर आमच्या अंगातले स्वेटर दहा वाजता काखेत आले. आमच्याकडे या दिवसांत सकाळी शेकोटीशिवाय बसवत नाही.

बागेपेक्षा लक्षात राहिली ती रस्त्याकडेची एक टपरी. हिवाळ्यात या भागात जागोजाग मडकी उलटी घालून भोवती जाळ केलेला दिसतो. त्या मडक्यात पापडीच्या शेंगा, रताळी, कंद, बटाटे हिरवा मसाला भरून घालतात, वरखाली रानातला पाला दाबतात, पाणी अजिबात नाही. मडक्याभोवती गोवऱ्या-लाकडं पेटवून आतल्या आत शिजवतात. त्याला म्हणतात उंबाडियुं. मडकं फोडल्यासारखं उघडलं की ओवा आणि धुराचा असा वास येतो की समोरचा माणूस आपोआप बाकावर बसतो.

बसण्याआधी निर्मलाने मला बाजूला घेऊन बजावलं की पैसे तुम्हीच द्यायचे. जावयाने दिले तर ते लेकीचंच अन्न झालं. प्रशांतरावांचा हात खिशाकडे गेला होता. मी तो अक्षरशः धरला. ते "चालेल नाना" म्हणाले.

द्रोणात वाढलेल्या उंबाडियुंबरोबर हिरवी चटणी आणि ताक. मी चवीने खात होतो. एक तुकडा कडू आणि चिवट लागला, तरी मी तो चावून चावून गिळला, परक्या गावचा पदार्थ टाकायचा कसा म्हणून. नंतर कळलं तो मडक्यातला पाला होता. तो खायचा नसतो. मग पुढचा अर्धा तास मी तो विषारी आहे का याची चौकशी करत होतो आणि वैशाली हसत होती. त्या सहा दिवसांत ती मोकळेपणाने हसलेली मी तेवढीच पाहिली.

टपरीवाली म्हातारी मायाळू होती. तिने वैशालीला जास्तीचं रताळं वाढलं आणि मुलं किती म्हणून विचारलं, "बेन, छोकरां केटलां?"

"नथी, मासी," वैशाली म्हणाली.

"थशे, थशे," म्हातारी म्हणाली. होतील, होतील.

तेवढं गुजराती निर्मलालाही कळतं. तिने म्हातारीकडे बघून हात जोडले. मी प्रशांतरावांकडे पाहिलं. ते द्रोण तसाच ठेवून तळ्याच्या दिशेला बघत होते. तेव्हा माझी खात्री झाली. बोलायचंय ते निर्मलाला वाटतंय ते नाही, आणि हे त्या दोघांना सांगवत नाही.

दमणगंगेच्या काठी

चौथ्या दिवशी सकाळी वैशाली म्हणाली, नाना, फिरायला येता? निर्मला अंघोळीला गेली होती. आम्ही दोघंच नदीकडे गेलो. दमणगंगा तिथे रुंद आहे, पाणी संथ. काठाला धुकं होतं आणि पलीकडे कुठल्याशा कारखान्याची चिमणी. वाटेत एक जुनं चर्च लागलं, पोर्तुगीजांच्या वेळचं, दारावर कागदी चांदण्या लावलेल्या. मी चर्चबद्दल प्रश्न विचारत राहिलो, कारण दुसरं काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

वैशाली कठड्याला टेकली. "नाना, आईला वाटतंय तसं काही नाहीये."

मला माहीत आहे, असं मी म्हणालो.

मग तिने सगळं सांगितलं. चार वर्षं सुरतेला उपचार चालू होते. आम्हाला तिने एकदाच काहीतरी अर्धवट सांगितलं होतं. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. त्या दोन्ही वेळा ती फोनवर आमच्याशी भाज्यांच्या भावाबद्दल बोलली होती.

"दिवाळीत आम्ही दोघांनी ठरवलं, आता बस," ती म्हणाली. "मला आता तारखा मोजत जगायचं नाही, नाना. आम्ही दोघं आहोत, बरे आहोत. तुम्ही रडू नका म्हणून सांगत नाही, रडलात तरी चालेल. पण एक विचारायचं होतं. म्हणजे आता तुम्ही माझ्या घरी कधीच जेवणार नाही का?"

तिने हे भांडून विचारलं नाही. एखादी सोयीची गोष्ट विचारावी तसं विचारलं. आईला मी सांगतो, एवढंच म्हणालो.

लाडू

आणि सांगितलं नाही. सकाळी निर्मला पूजेला बसली होती. मग तिचा स्वयंपाक चालू होता. दुपारी ती झोपली, झोपेतून उठवून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. चहानंतर सांगावं असं ठरवलं तर सुरेखाबाई आल्या. मी दिवसभर त्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. वैशालीने दोनदा माझ्याकडे बघून भुवई उंचावली आणि मी दोनदा नकाराची मान हलवली.

संध्याकाळी निर्मला ओट्याच्या डाव्या बाजूला भाकरी थापत होती. एकाएकी हात पुसून ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. वैशालीच्या हातात तो देत म्हणाली, "रोज सकाळी एक, दुधाबरोबर. तुम्ही सांगत नाही तर मीच काढते विषय."

डबा उघडला. डिंकाचा वास आला. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मी शब्द पाळला नव्हता हे तिला कळलं होतं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

मग तिनेच सांगितलं. ओट्याशी उभ्या उभ्या, शांतपणे, मला सांगितलं होतं तसंच. प्रशांतराव दारात येऊन उभे राहिले. निर्मला सगळं ऐकत होती. तव्यावरची भाकरी जळायला लागली, ती मी जाऊन उतरवली आणि गॅस बंद केला. त्या वेळी माझ्या हातून झालेलं तेवढंच.

"डॉक्टर चांगला होता ना?" निर्मलाने विचारलं.

चांगला होता, वैशाली म्हणाली.

"बरं." निर्मलाने लाडवांच्या डब्याला झाकण लावलं आणि ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

खानवेलच्या वाटेवर

पाचव्या दिवशी खानवेलला जायचं आधीच ठरलं होतं. मला वाटलं ती नको म्हणेल, पण निर्मला लुगड्याची घडी नीट करून गाडीत बसली. सकाळी तिने आपल्या बाजूची शेगडी पेटवली नव्हती. बिनसाखरेचा चहा घेतला, रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घेतली. केळं खा म्हटलं तर हातात धरून ठेवलं आणि नंतर पिशवीत टाकलं.

सिल्वासातले कारखाने मागे पडले की एकदम डोंगर सुरू होतात. सागाची झाडं, कुडाची घरं, भिंतींवर पांढरी चित्रं, कापणी झालेली शेतं. रस्त्याला माणूस नाही. अशा रस्त्याने निवांत जावं आणि कुठे तरी झाडाखाली बसावं असं कुणालाही वाटेल. मी मात्र आरशातून निर्मलाचा चेहरा बघत होतो आणि जवळचा दवाखाना किती लांब आहे याचा अंदाज घेत होतो.

खानवेलजवळच्या एका पाड्यावर लक्ष्मीबेन राहतात. वैशाली ज्या प्रयोगशाळेत नोकरी करते तिथे त्या काचसामान धुण्याचं काम करतात. वारली जमातीच्या, वयाने माझ्याएवढ्या असतील. त्यांनी अंगणात खाट टाकली, नागलीच्या म्हणजे नाचणीच्या भाकरी आणल्या आणि उडदाची डाळ. वैशाली त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसली, हातावरच भाकरी फिरवून थापू लागली. भाकरी तिने आमच्यासारखी परातीत थापली नाही. हे ती इथेच शिकली होती. निर्मला खाटेवरून ते बघत होती. आपल्या लेकीला आपल्याला न येणारी भाकरी येते, हे तिला तेव्हाच कळलं असावं.

मी जेवलो. निर्मला जेवली नाही. परक्याच्या घरी तर नियम नव्हता, तरी नाही म्हणाली. लक्ष्मीबेननी आग्रह केला नाही. निघताना त्यांनी नागलीच्या पिठाची पिशवी वैशालीच्या हातात दिली आणि निर्मलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

परतताना मी मनात स्वतःला शिव्या घालत होतो. काल सकाळी मी सांगितलं असतं तर लाडवांचा डबा तरी उघडला नसता. पण त्याहीपेक्षा वाईट विचार येत होता. ही आता इथे पाय ठेवणार नाही. लेक आमच्याकडे येत राहील, आम्ही "येऊ की" म्हणत राहू, आणि एक दिवस ती म्हणायचं सोडून देईल.

निघायच्या दिवशी

संध्याकाळची गाडी होती. सकाळीच निर्मलाने उरलेलं पीठ, डाळ, तेल सगळं बांधून ठेवलं. डावीकडचा ओटा पुसून कोरडा केला. तिने कालपासून दोन बिस्किटं खाल्ली होती, तीही मी पाकीट फोडून समोर धरल्यावर. वाटेत दशम्या विकत मिळतील का, असं तिने मला विचारलं. मी माहीत नाही म्हणालो.

वैशालीचा स्वयंपाक चालू होता. नागलीच्या भाकरी, उडदाची डाळ, हिरवा लसूण आणि ओवा घातलेली पापडी-वांग्याची भाजी. ती कुणाला जेवायला या म्हणाली नाही. स्वतःपुरतं आणि नवऱ्यापुरतं करत असावी असं करत होती, पण भाकऱ्या चौघांच्या होत्या. मी मोजल्या.

मी टेबलाशी जाऊन बसलो. निर्मलाशी माझं लग्न होऊन चाळीस वर्षं होतील, इतक्या वर्षांत तिचा एकही नियम मी तिच्या समोर मोडलेला नाही.

"वैशाली, मला वाढ," मी म्हणालो.

भाकरी तव्यावर होती, ती तशीच राहिली. मग तिने ताट घेतलं. वाढताना डाळ थोडी ताटाबाहेर सांडली. प्रशांतराव पाण्याचा तांब्या ठेवून माझ्या शेजारी बसले. मी पहिला घास घेतला. नागलीची भाकरी मातकट, जरा गोडसर, गरम असेतो मऊ. भाजीत ओव्याची धार होती आणि लसणाचा कोवळा वास. चांगली झाली होती, खरंच चांगली झाली होती, आणि मी घास चावत दाराकडे पाहिलं, निर्मला तिथे उभी होती.

मला वाटलं ती आता आत जाईल. ती आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

"मी हट्ट म्हणून नाही पाळलं हे," ती म्हणाली. माझ्याशी नाही, वैशालीशी. "मी इथे जेवले असते तर मीच कबूल केल्यासारखं झालं असतं, की आता काही होणार नाही. तुझ्यासाठी दुसरं काय करता येत होतं मला? उपाशी राहता येत होतं."

वैशाली उभीच होती. "मला वाटायचं मी कमी पडले म्हणून तू जेवत नाहीस."

"सात वर्षं असं वाटत होतं तुला?"

वैशालीने होकाराची मान हलवली. निर्मलाने तोंडावर पदर धरला. तव्यावरची भाकरी फुगून खाली बसली होती. ती उतरवायला कुणीच उठलं नाही.

मग निर्मला उठली, मोरीत जाऊन हात धुतले आणि परत त्याच खुर्चीवर बसली. रिकामं ताट तिने स्वतःच ओढून घेतलं. वैशालीने भाकरी वाढली, डाळ वाढली, भाजी वाढली आणि बाजूला उभी राहिली. निर्मला जेवू लागली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही, ती जेवत राहिली. दोन दिवसांची भूक होती. पहिली भाकरी संपली. वैशाली दुसरी हातात घेऊन तशीच थांबली होती, वाढू की नको या विचारात. विचारायचं धाडस तिला होत नव्हतं.

निर्मलाने वर पाहिलं आणि म्हणाली, "वाढ ना. लेकीच्या घरी काय मागून घ्यायचं असतं?"